विश्लेषण : बाटली क्रमांक ५३-एन आणि वाल्डेमार हाफकिन… जिवाणूंचे नमुने जपून का ठेवावे लागतात?

अहमदपूर तालुक्यात पेरलेले सोयाबीन उगवले नाही आणि शेतकरी तक्रार घेऊन गेला, की आधी पिशवी, टॅग आणि पावतीची चौकशी होते. टॅगवर लॉट क्रमांक असतो. त्या लॉटमधले थोडे बियाणे शिल्लक असेल तर उगवणशक्ती तपासता येते आणि दोष बियाण्याचा, पावसाचा की पेरणीच्या खोलीचा, हे ठरवता येते. टॅग हरवला आणि बियाणे संपले, की उरतो फक्त वाद.

रोगजंतूंच्या बाबतीतही नियम हाच आहे. पंगतीत विषबाधा झाली किंवा पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली, तर ती कोणत्या जिवाणूने आणली हे त्याचा नमुना मिळाला, जिवंत ठेवला आणि त्याची नोंद नीट असली तरच कळते. या कामाचे मोल दाखवणारे एक आयुष्य मुंबईशी जोडलेले आहे. कॉलरा आणि प्लेगवरील लशी देणारे वाल्डेमार हाफकिन यांच्या नावाची संस्था परळला आहे, पण एका बाटलीच्या क्रमांकाने त्यांची कारकीर्द कशी पणाला लावली, हे फारसे सांगितले जात नाही.

हाफकिन कोण होते?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. तिथे त्यांना इल्या मेचनिकॉव्ह हे गुरू लाभले. शरीरातील पेशी जंतूंना गिळून टाकतात, हे दाखवणारे मेचनिकॉव्ह पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

त्या काळात रशियात ज्यूंवर हल्ले होत होते. ज्यूंच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये हाफकिन होते आणि त्यांना अटकही झाली. शिक्षण पूर्ण झाल्यावर विद्यापीठात पुढे जायचे तर धर्म बदलणे भाग होते. त्यांनी ते नाकारले. काही वर्षे प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयाच्या नोकरीत काढून १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले. १८८९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना काम मिळाले ते ग्रंथालयात. पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्याकडे वैद्यकीय पदवी नव्हती. ही बाब पुढे त्यांच्या विरोधकांनी वारंवार पुढे केली.

पॅरिसमध्ये त्यांनी नेमके काय केले?

कॉलऱ्याचा जिवाणू रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात शुद्ध स्वरूपात वेगळा केला होता. जिवाणू सापडला म्हणजे लस तयार झाली असे मात्र नव्हते. अडचण जिवाणूच्या स्वभावात होती.

घरचे विरजण आठवून पाहा. कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात, आजच्याचा उद्याच्या. वर्षभर हे चालते, पण दही कायम तसेच राहत नाही. कधी आंबट होते, कधी त्याला तार सुटते. प्रयोगशाळेतही जिवाणू एका बशीतून दुसऱ्या बशीत असेच नेत राहावे लागतात. या फेऱ्यांमध्ये त्यांचे गुण बदलतात. कॉलऱ्याचा जिवाणू कृत्रिम खाद्यावर बराच काळ ठेवला की त्याची तीव्रता कमी होते. एका महिन्यातील जिवाणू आणि दुसऱ्या महिन्यातील जिवाणू यांचा मेळ बसला नाही, तर मात्रा कशी ठरवायची?

हाफकिन यांनी याच प्रश्नावर काम केले. त्यांनी जिवाणू गिनीपिगच्या पोटातील पोकळीत सोडला, तिथून काढलेला द्रव काही तास हवेत ठेवला आणि मग तो पुढच्या गिनीपिगला दिला. काही डझन फेऱ्यांनंतर जिवाणूची तीव्रता कित्येक पटींनी वाढली आणि एका पातळीवर येऊन स्थिर झाली. दुसऱ्या बाजूला ३९ अंश सेल्सिअस तापमानात हवा खेळती ठेवून त्यांनी त्याच जिवाणूचे सौम्य रूप तयार केले. आधी सौम्य जिवाणूची सुई आणि काही दिवसांनी तीव्र जिवाणूची, अशी दोन टप्प्यांची लस त्यातून उभी राहिली.

गुण पक्के झालेल्या आणि ओळख सांगता येणाऱ्या अशा जिवाणूच्या वंशाला आज स्ट्रेन म्हणतात. शेतीच्या भाषेत सांगायचे तर वाण. हाफकिन यांची लस उभी होती ती वाण पक्के करण्याच्या या कामावर. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी लशीची पहिली सुई स्वतःला टोचून घेतली.

कॉलऱ्यासाठी भारतच का?

कॉलरा दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. मराठी मुलखात त्याला पटकी म्हणत. साथ आली की गावेच्या गावे ओस पडत आणि मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडला जाई. आजाराचे कारण माहीत नसताना गावाच्या हाती तेवढेच होते. अहमदपूरचा परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि पटकीची धास्ती संस्थानात काय, ब्रिटिश मुलखात काय, सगळीकडे सारखीच होती.

भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या प्रयत्नांतून हाफकिन यांना भारतात प्रयोग करण्याची परवानगी मिळाली आणि मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले.

सुरुवातीला लोक त्यांच्या जवळ येत नव्हते. रशियातून आलेला, ब्रिटिशांच्या परवानगीने फिरणारा आणि जिवंत जंतू टोचणारा हा माणूस कोणाला विश्वासाचा वाटणार? १८९४ मध्ये कोलकात्याच्या काट्टल बागान या वस्तीत चित्र पालटले. तिथल्या सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत कॉलऱ्याने आजारी पडले ते लस न घेतलेले. हाफकिन यांच्यासोबत चौधरी, घोष, चटर्जी आणि दत्त हे भारतीय डॉक्टर होते. स्थानिक डॉक्टर लोकांसमोर स्वतः सुई टोचून घेत, मग लोक पुढे येत. १८९५ पर्यंत ४० हजारांहून अधिक लोकांना लस देण्यात आली. त्याच वर्षी मलेरियाने खंगलेले हाफकिन उपचारासाठी युरोपात परतले.

लस देणारे पथक जिथे जाई, तिथे जिवंत जिवाणू सोबत न्यावे लागत. वाटेत ते मरू द्यायचे नाहीत, बिघडू द्यायचे नाहीत आणि दुसऱ्या जंतूंची भेसळ होऊ द्यायची नाही. उन्हाळ्यातल्या भारतात, शीतपेट्या नसताना, लस तयार करण्याइतकेच हे अवघड होते.

मुंबईत तूप कशासाठी वापरले?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरमध्ये हाफकिन मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्या जोरावर काम सुरू झाले.

प्लेगच्या लशीत जिवाणू मारलेला असतो. तरीही तो आधी मोठ्या प्रमाणावर आणि भेसळीविना वाढवावा लागतो. त्यासाठी लागणारा मांसरस गोमांसाचा किंवा डुकराचा असता तर हिंदू आणि मुस्लीम दोघांनीही लस नाकारली असती. हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा रस वापरला. त्या रसावर त्यांनी तुपाचे थेंब सोडले.

चंबू न हलवता ठेवला की प्लेगचे जिवाणू तुपाच्या थेंबांना धरून वाढत आणि त्यांचे तंतू खाली लोंबू लागत. गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात, तसे. दुसरा जंतू शिरला असेल तर हे दृश्य बिघडे. म्हणजे चंबूत प्लेगचाच जिवाणू आहे की नाही, याची पहिली खूण नुसत्या डोळ्यांना मिळत असे. स्वयंपाकघरातल्या तुपाने जिवाणूची शुद्धता पडताळण्याचे काम केले.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही स्वतःवरच आधी घेतली. मात्रा नेहमीपेक्षा मोठी होती. ताप आणि वेदना सोसून ते उठले आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्यांमध्ये प्लेगचे प्रमाण कमी राहिले. तरुण आगा खान (तिसरे) यांनी जागा दिली, स्वतः लस घेतली आणि आपल्या समाजालाही घ्यायला लावली. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

मुलकोवालमध्ये काय घडले?

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने हाहाकार माजवला होता. प्रांतिक सरकारने मोठी लसीकरण मोहीम आखली आणि परळच्या प्रयोगशाळेवर मागणीचा ताण आला. उत्पादन वाढवण्यासाठी पद्धत बदलण्यात आली. जंतुनाशक म्हणून लशीत घातले जाणारे कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर देण्यात आला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावात १०७ जणांना लस देण्यात आली. हे गाव आज पाकिस्तानच्या पंजाबात आहे. पाच बाटल्या वापरल्या गेल्या. त्यातील एका बाटलीतून लस घेतलेल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. ते सगळे दगावले. इतर चार बाटल्यांतून लस घेतलेल्यांना काहीही झाले नाही. दगा देणाऱ्या बाटलीचा क्रमांक होता ५३-एन.

प्लेगपासून वाचायला आलेली १९ माणसे गेली होती. जबाबदारी कोणाची, हा प्रश्न विचारणे रास्तच होते. चौकशी आयोगाने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे दाखवला. बाटली उघडण्याआधीच धनुर्वाताचा जंतू तिच्यात होता आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही गंभीर चूक होती, असा त्याचा रोख होता. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. ना पद, ना पगार. ज्याच्या लशीची लाखो लोक वाट पाहत होते, त्याच्याच नावाभोवती संशय फिरत राहिला.

मग ते निर्दोष कसे ठरले?

इथे बाटलीचा क्रमांक आणि नोंदी कामी आल्या. लस कोणत्या घाणीतून काढली, कधी भरली, कोणत्या बाटल्या कुठे गेल्या, हे लिहिलेले होते. त्यामुळे ५३-एनची तुलना तिच्यासोबतच्या बाटल्यांशी करता आली. त्या बाटल्या निर्दोष निघाल्या होत्या.

दुसरा मुद्दा वासाचा होता. बंद बाटलीत धनुर्वाताचा जंतू कित्येक आठवडे वाढला असता तर बूच काढताच दुर्गंधी आली असती. बाटली उघडताना तसा वास आला नव्हता. तिसरा मुद्दा चिमट्याचा. बूच काढण्यासाठी वापरलेला चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. गावातल्या जमिनीतून ते बाटलीत जाण्याची वाट सरळ होती.

जुलै १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या द टाइम्समध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांच्यावरील आरोप टिकत नसल्याचे मांडले. त्याच वर्षाच्या अखेरीस सरकारने त्यांना पुन्हा भारतात नेमले. दुर्घटनेला पाच वर्षे उलटली होती.

मुंबईतील त्यांची जागा तोवर भरली गेली होती. ते कोलकात्याला गेले, पण माणसांवर नव्या लशींच्या चाचण्या घेण्याची मुभा त्यांना मिळाली नाही. १९१४ च्या सुमारास ते निवृत्त झाले आणि युरोपात परतले. शेवटची वर्षे त्यांनी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे काढली आणि आपली संपत्ती ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. ते अविवाहित होते. २६ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. १८९७ ते १९२५ या काळात तिथून प्लेग लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले.

जिवाणूंचे संग्रह कधी सुरू झाले?

हाफकिन पॅरिसमध्ये कॉलऱ्यावर काम करत होते, त्याच सुमारास प्रागमध्ये फ्रांतिशेक क्राल यांनी जिवाणूंचा सार्वजनिक संग्रह उभारला. कोणत्याही प्रयोगशाळेने मागणी करावी आणि शुद्ध जिवाणू मागवून घ्यावा, अशी ती सोय होती. १९२० मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत रोगजंतूंचा राष्ट्रीय संग्रह, म्हणजे एनसीटीसी, सुरू झाला. १९२५ मध्ये अमेरिकेत एटीसीसी उभी राहिली.

विरजणाच्या पद्धतीने फेऱ्यांवर फेऱ्या करण्याची गरज आता फारशी उरलेली नाही. जिवाणू गोठवून, त्यातले पाणी निर्वातात काढून, काचेच्या नळीत कोरडे करून ठेवतात. किंवा ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांवर, द्रवरूप नायट्रोजनमध्ये तर उणे १९६ अंशांवर ठेवतात. अशा अवस्थेत जिवाणू वाढत नाही, त्यामुळे बदलतही नाही. प्रत्येक नळीला क्रमांक असतो. जिवाणू कुठे, कधी आणि कशातून मिळाला, मूळ नमुन्यापासून किती फेऱ्या झाल्या, हे त्यासोबत लिहिलेले असते.

याचा उपयोग काय, याचे एक उदाहरण. एनसीटीसीच्या संग्रहात क्रमांक ३० चा कॉलरा जिवाणू आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, इजिप्तमधील एका ब्रिटिश सैनिकाकडून तो घेतला होता. शंभर वर्षांनी शास्त्रज्ञांनी तो पुन्हा वाढवून त्याची पूर्ण जनुकीय मांडणी वाचली आणि २०१९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पेनिसिलिनचा शोध लागण्याआधीच्या या जिवाणूत अँपिसिलिनला दाद न देणारे जनुक सापडले. प्रतिजैविके बाजारात येण्यापूर्वीही अशी जनुके निसर्गात होती, याचा पुरावा एका जुन्या नळीने दिला.

दुसरे उदाहरण भारतातले. १९९२ मध्ये चेन्नई आणि बंगालच्या परिसरात कॉलऱ्यासारखी साथ आली, पण तिचा जिवाणू कॉलऱ्याच्या नेहमीच्या चाचणीत बसेना. ज्ञात १३८ गटांशी ताडून पाहिल्यावर तो त्यातला एकही नसल्याचे स्पष्ट झाले. त्याला ओ-१३९ हे नाव मिळाले. जुने १३८ जपलेले होते, म्हणून १३९वा नवा आहे हे कळले.

भारतात हे काम कुठे चालते?

हिमाचल प्रदेशातील कसौलीच्या केंद्रीय संशोधन संस्थेत साल्मोनेला आणि ई-कोलाय या जिवाणूंचे राष्ट्रीय केंद्र आहे. अन्नविषबाधेत या दोघांचे नाव नेहमी येते. कॉलरा आणि अतिसाराच्या जिवाणूंवर कोलकात्यातील आयसीएमआरची संस्था काम करते. चंडीगडला एमटीसीसी हा संग्रह आहे. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह आहे, तर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उद्योगांना लागणाऱ्या सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे.

हे जिवाणू कोणालाही मिळत नाहीत. रोगजंतू मागणाऱ्या प्रयोगशाळेकडे सुरक्षेची पुरेशी व्यवस्था असावी लागते. पाठवताना तिहेरी वेष्टन असते, म्हणजे फुटले तरी गळू नये. जिवाणू देशाबाहेर न्यायचा असेल तर २००२ चा जैवविविधता कायदा लागू होतो. नियम सैल ठेवले तर धोका आणि फार घट्ट केले तर संशोधन अडते, ही ओढाताण जगभर आहे.

वाटून घेण्याचा फायदा मात्र रोजच्या कामात दिसतो. रुग्णाला कोणते प्रतिजैविक लागू पडेल याची चाचणी करताना जगभरच्या प्रयोगशाळा एटीसीसी २५९२२ या क्रमांकाचा ई-कोलाय सोबत तपासतात. त्याचे उत्तर आधीच ठाऊक असते. ते चुकले तर त्या दिवशीच्या चाचणीतच गडबड आहे, हे लगेच समजते. वेगवेगळ्या शहरांतील अहवालांची तुलना होऊ शकते, ती प्रत्येकाकडे तोच जिवाणू असल्यामुळे.

अहमदपूरला याचा काय संबंध?

लग्नाची पंगत, भंडारा किंवा उपवासाच्या दिवसांत खाल्लेली भगर. मराठवाड्यात विषबाधेच्या बातम्यांना ही कारणे नवी नाहीत. अशा वेळी रुग्णाच्या शरीरातले पाणी आणि क्षार भरून काढणे याला पहिले प्राधान्य असते आणि ते योग्यच आहे. पण त्याच धावपळीत उरलेले अन्न फेकले जाते, भांडी घासली जातात आणि शौचाचा नमुना घेण्याआधी प्रतिजैविक सुरू होते. मग जिवाणू हाती लागत नाही. दोष पाण्याचा, दुधाचा, भगरीतल्या बुरशीचा की स्वयंपाक करणाऱ्याच्या हातांचा, हे अंदाजावर ठरते. अंदाजाने बहुधा स्वयंपाकीच बदनाम होतो.

लातूर आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचे विभाग आहेत. अहमदपूर या दोन शहरांच्या मध्ये आहे. नमुना योग्य माध्यमात ठेवला तर तो वाटेत तग धरतो. कॉलऱ्यासाठी कॅरी-ब्लेअर हे माध्यम त्याकरताच असते. प्रयोगशाळेत वेगळा केलेला जिवाणू क्रमांक देऊन जपला आणि राष्ट्रीय केंद्राकडे पाठवला, तर या वर्षीची साथ आणि तीन वर्षांपूर्वीची साथ एकाच जिवाणूची होती का, याचे उत्तर मिळू शकते. उत्तर होय आले, तर शोध एखाद्या कायमच्या गळक्या जलवाहिनीकडे जातो. नाही आले, तर दुसरीकडे.

विषबाधा झाल्यास नागरिकांनी करायचे ते थोडे आहे. आजारी माणसाला तातडीने दवाखान्यात न्यावे, उरलेले अन्न झाकून वेगळे ठेवावे, कोणी काय आणि केव्हा खाल्ले ते लिहून काढावे आणि हे सगळे आरोग्य विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे द्यावे. सोयाबीनच्या पिशवीचा टॅग जपण्याइतकेच हे सोपे आहे. मुलकोवालमध्ये बाटल्यांवर क्रमांक नसते, तर १९ मृत्यूंसाठी पाचही बाटल्या, संपूर्ण लस आणि ती बनवणारा माणूस कायमचा दोषी ठरला असता आणि चिमट्याकडे कोणी पाहिलेही नसते.